एकच रकाना

येवला,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

मीना,

पाकिटावरचं अक्षर तू लांबूनच ओळखशील आणि कदाचित न फोडताच ठेवून देशील. ठेव. पण फोडलंसच तर उभ्याने वाचू नकोस, बसून वाच, कारण सांगायचं आहे ते जरा अचाट आहे. तुझी एक्कावन्न वर्षांची बहीण येत्या दोन फेब्रुवारीला नाशिकला एकवीस किलोमीटर पळणार आहे.

चालणार नाही. पळणार.

हसून झालं असेल तर पुढे वाच. काल पहाटे मी अठरा किलोमीटर पळून आले. अंदरसूलच्या रस्त्याने निघायचं, नऊ किलोमीटरच्या दगडाला हात लावायचा आणि मागे फिरायचं. थंडी अशी होती की नाक जागेवर आहे का ते चाचपून बघत होते. घरी आले तेव्हा हे ओट्यावर दात घासत बसले होते. मला म्हणाले, "आलीस व्हय? मला वाटलं मनमाडलाच गेली, आता गाडीनं येशील." दोन तास छत्तीस मिनिटं पळून आलेल्या बाईने नवऱ्याला उत्तर द्यायचं नसतं, त्याने तिला चहा करून द्यायचा असतो. दिला बिचाऱ्यांनी.

हे खूळ कुठून आलं म्हणशील. दीड वर्षापूर्वी माझ्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. इथल्या मुलींच्या शाळेत सुहाना म्हणून पी.टी.ची शिक्षिका आहे, मालेगावची, जेमतेम अठ्ठावीस वर्षांची. ती पहाटे शाळेच्या मैदानावर बायकांना घेऊन चालायची. आम्ही चौदा जणी होतो. चालता चालता ती पळायला लावायची, आधी एक मिनिट, मग दोन. दिवाळीपर्यंत सहा जणी उरल्या आणि पुढच्या दिवाळीला मी एकटी. तुला माझा स्वभाव माहीत आहे. हातात घेतलं की सोडायचं नाही, मग ते बरं असो की वाईट.

आता सुहाना म्हणते, "मावशी, मेहनत खत्म. आता तीन हफ्ते कमी कमी करत जायचं." या रविवारी बारा, पुढच्या रविवारी आठ, मधे नुसतं पाय मोकळे करण्यापुरतं. म्हणजे शर्यतीच्या दिवशी पाय ताजे राहतात म्हणे. मला काही हे पटलेलं नाही. परीक्षा तोंडावर आली की पुस्तक मिटून ठेवा, असं कुणी मुलाला सांगतं का? पण सगळं तिच्या हाताखाली शिकले, तर हेही ऐकते.

शर्यतीचा फॉर्म माझ्या गौरांगने महिन्यापूर्वीच मोबाइलवर भरला. तू गेलीस तेव्हा तो आठवीत होता. आता नाशिकला नोकरी करतो, गंगापूर रोडला खोली घेऊन राहतो. छातीवर लावायला एक कागद मिळतो, त्यावर नंबर आणि मोठ्या अक्षरात नाव असतं. रस्त्याच्या कडेला उभे असलेले लोक ते नाव वाचून हाका मारतात. तुला वाटेल, घ्या, हिला पुन्हा नाव हवंच. वाटू दे.

त्या जुन्या गोष्टीबद्दल मी काही लिहिणार नाही. पैठणीचा बांगडी मोराचा पदर आपण दोघींनी एका मागावर शेजारी शेजारी बसून आठ महिने विणला, हे खरं. त्याला राज्याचं पारितोषिक मिळालं आणि त्यावर माझं एकटीचं नाव लागलं, हेही खरं. पण मी तेव्हाच सांगितलं होतं, फॉर्मवर विणकराच्या नावाला रकाना एकच होता. मी थोरली, म्हणून माझं लिहिलं. त्यावरून तू माग सोडून सुरतेला निघून गेलीस आणि अकरा वर्षं तोंड दाखवलं नाहीस. विषय संपला.

पत्ता यांच्याकडून घेतला. हे दर दिवाळीला तुला कार्ड टाकतात, हे मला परवा कळलं. घरात अकरा वर्षं एवढी मोठी चोरी चालली होती.

आज भोगी. गाव गच्चीवर आहे, ढोल वाजतायत.

शैला


येवला,
शुक्रवार, १७ जानेवारी

मीना,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण या विश्रांतीत करायचं काय ते कळेना झालंय.

तीन दिवस सगळं येवला पतंगांनी भरलं होतं. तुला आठवतं, आपल्या गच्चीवर पतंग माझ्या हातात असायचा आणि मांज्याची आसारी तुझ्या. मी ओढायचे, तू गुंडाळायचीस, तुझ्या बोटांना चिरा पडायच्या. कुणाचा पतंग काटला की खालच्या गल्लीतली पोरं ओरडायची, "शैलाक्का, लय भारी!" तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. या वेळी गच्चीवर एकटी उभी राहून बघत होते तेव्हा उगीच आठवलं.

विश्रांतीचं सांगते. सुहानाने बजावलंय की घरी बसायचं, पायांना ताण द्यायचा नाही. बसते आहे बाई. पहाटेचे जे दोन तास पळण्यात जायचे ते आता मोकळे झाले, ते मी मागावर घालते. सहाला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसले की आठला चहाला उठते, मग पुन्हा बसते ती संध्याकाळपर्यंत. पदर विणून झालाय, आता नुसतं साडीचं अंग राहिलंय, त्यामुळे धोटा सरसर चालतो. तीन दिवसांत हातभर जास्त विणलं. म्हटलं, विश्रांतीची विश्रांती आणि कामाचं काम. सुहाना शिकलेली असेल, पण मीही काही कमी नाही.

एक मात्र गंमत आहे. पाय हलके व्हायचे सोडून जड होतायत. पोटऱ्या सकाळी लाकडाच्या झालेल्या असतात. अठरा किलोमीटर पळाले त्या दिवशी इतक्या दुखल्या नव्हत्या. सुहानाला विचारलं तर म्हणाली, होतं असं, कमी केलं की शरीर कुरकुर करतं. मला वाटतं शरीराला माझा स्वभाव लागलाय, आयतं बसणं त्याला आवडत नाही.

हे म्हणतात, "आता बास कर. पन्नाशीच्या बाईनं लय केलं." मी म्हटलं, तुम्ही रेशमाच्या कांड्या भरा.

शैला


येवला,
बुधवार, २२ जानेवारी

मीना,

हे पत्र मी फाडून टाकणार होते. मग म्हटलं, तू वाचतेस की नाही तेच माहीत नाही, तर लाज कुणाची बाळगायची.

रविवारी बारा किलोमीटर होते. सातव्याला मी बसले. अंदरसूलच्या रस्त्यावर, एका मोरीच्या कठड्यावर, दोन्ही पाय हातांनी उचलून. दीड वर्षात एकदाही मधे बसले नव्हते. कांद्याचा ट्रॅक्टर चालला होता, त्यातला माणूस म्हणाला, "मावशी, बसा की मागं, सोडतो येवल्यात." मी नको म्हटलं आणि चालत आले. पाच किलोमीटर चालत. ऊन वर येईपर्यंत.

सुहाना दुपारी घरी आली. माझी पोटरी दाबून बघितली आणि तिचा चेहराच उतरला. पाणी किती पिता, मीठ किती खाता, झोप होते का, बूट घट्ट आहेत का, सगळं विचारलं. मग म्हणाली, "मावशी, दिवसभर काय करता?" मी म्हटलं, बसते. खोटं नाही बोलले.

तिने मग हात हातात घेऊन सांगितलं, "येत्या रविवारी आठ किलोमीटर. त्यातही पाय असेच राहिले तर नाशिकला जायचं नाही. मी जाऊ देणार नाही. बूढी नस फाटली तर सहा महिने उठणार नाही तुम्ही." बूढी म्हणाली म्हणून मला राग यायला हवा होता. आला नाही, भीती वाटली.

अख्ख्या गल्लीला माहीत आहे मी जाणार आहे ते. पण गल्लीची भीती नाही गं मला. गल्लीला मी आयुष्यभर तोंड दिलंय. भीती दुसरीच आहे आणि ती तुलाच सांगता येण्यासारखी आहे.

तो पदर काचेत लावलाय, बैठकीत. गिऱ्हाईक येतं, उभं राहून बघतं, म्हणतं, बाई काय हात आहे तुमचा. अकरा वर्षं मी हसून मान डोलवते आणि प्रत्येक वेळी मला ते अर्धंच ऐकू येतं. म्हणून मला एकदा एक काम असं करायचं होतं ज्यात दुसऱ्या कुणाचा हात नाही. पहाट माझी, घाम माझा, पाय माझे. शेवटच्या इंचापर्यंत माझं. एवढं केलं की मग त्याचं काय करायचं ते ठरवायला मी मोकळी. ते काय ते आत्ता सांगत नाही. आता तर पळणंच होईल की नाही माहीत नाही, मग सांगायचं तरी काय.

मागावर बसले की तेवढं बरं वाटतं. आज दहा तास बसले.

शैला


येवला,
सोमवार, २७ जानेवारी

मीने,

शुक्रवारी दुपारी पोस्टमन आला आणि कार्ड टाकून गेला. मी मागावर होते. यांनी उचललं, वाचलं आणि माझ्यापुढे साडीवरच ठेवलं.

"आक्का, मागावर बसणं म्हणजे बसणं नाही. पावडी सोड. मीना."

दोघींची नावं धरून नऊ शब्द. अकरा वर्षांचे नऊ शब्द, त्यातही मला रागावलीस. मी ते कार्ड हातात घेऊन खड्ड्यात तशीच बसले होते आणि माझा उजवा पाय पावडीवरच होता. खाली बघितलं आणि हसायला यायला लागलं, मग हसता हसता दुसरंच काहीतरी झालं. यांनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मला कसं कळलं नाही गं? अडतीस वर्षं त्या पावड्या मारतेय. एक दोरा घालायला उजवा पाय खाली, दुसऱ्याला डावा. बोटभर कापडाला चाळीस-पन्नास वेळा. पदर असता तर रंगीत रेशमाच्या तिल्ल्या फिरवण्यातच वेळ गेला असता, पाय थांबून थांबून चालले असते. पण साडीचं अंग, आणि वर पहाटेचे दोन तास जास्तीचे. पळायचं बंद करून मी रोज खड्ड्यात बसून अंदरसूल गाठत होते. पण तो पाय मला कधी पाय वाटलाच नाही. आईनेही कधी पाय दुखतात म्हटलं नाही, कंबर दुखते म्हणायची. आपल्या घरात मागावर बसलेल्या बाईला सगळे "बसलीय" असंच म्हणतात.

सुहानाला बोलावलं. दीड वर्षात ती आमच्या मागाच्या खोलीत कधी आली नव्हती. खाली वाकली, हाताने पावडी दाबून बघितली, एक, दुसरी, आणि कपाळावर हात मारून घेतला. "मावशी, ये तो सायकल है. दहा घंटे सायकल चालवत होता तुम्ही आणि मला म्हणता बसते." मग खूप हसली, मग खूप बोलली. शेवटी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या बहिणीने. सुरतेला असते. हे वाक्य मी अकरा वर्षांत कुणापुढे उच्चारलं नव्हतं. फार बरं वाटलं म्हणताना.

माग झाकून ठेवलाय. चादर टाकून. लग्न झाल्यापासून तो बाळंतपण आणि मयत सोडून कधी थांबला नाही, त्यामुळे घर मुकं झालंय. शेजारची चंद्रकला विचारायला आली, "सगळं बरं हाय ना? खटखट येईना." मी पाय उशीवर ठेवून पडले होते. तिला वाटलं मी आजारी आहे. मी म्हटलं, ट्रेनिंग चालू आहे.

काल झेंडावंदन झाल्यावर आठ किलोमीटर केले. पहिल्या तीनला धाकधूक होती. पाचव्याला पाय आपोआप सुटले. सुहाना स्कूटीवरून मागे होती, तिने शेवटी हॉर्न वाजवून वाजवून रस्ता डोक्यावर घेतला. मी नाशिकला जाते आहे, मीने.

शुक्रवारीच लिहिणार होते, पण तीन दिवस हात चालला नाही. कारण तुझ्या कार्डाला उत्तर द्यायचं तर खरं लिहावं लागणार होतं.

फॉर्मवर दोन रकाने होते. पहिला विणकराचा आणि त्याच्याखाली सहविणकर. मी त्या दुसऱ्यावर रेघ मारली. चुकून नाही. पट्टी ठेवून, सरळ. मला त्या मंचावर एकटीला जायचं होतं. शाल माझ्या एकटीच्या खांद्यावर हवी होती. तू तेव्हा तिसऱ्या रांगेत बसली होतीस आणि टाळ्या वाजवत होतीस, कारण तोपर्यंत तुला वाटत होतं की तुलाही बोलावतील. ते मला मंचावरून दिसत होतं.

आणि डावीकडचा मोर तुझा होता. त्याच्या मानेचा बाक माझ्या मोराला नाही. लोक काचेपुढे उभे राहतात ते डावीकडे बघतात. मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. मला शरम वाटते, मीने. हे आधीच वाटायला हवं होतं, पण मला सगळंच उशिरा सुचतं, पळणंसुद्धा.

तुझी,
आक्का


नाशिक,
शनिवार, १ फेब्रुवारी

मीने,

चार ओळी फक्त. गौरांगच्या खोलीवर आहे. एस.टी.तून निफाडपर्यंत पाय समोरच्या सीटवर ठेवून आले. कंडक्टर काही बोलणार होता, पण मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने तिकीट फाडलं आणि पुढे गेला. मग निफाडला माणसं चढली तेव्हा आपणहून काढले.

दुपारी जाऊन नंबर आणला. केवढी गर्दी, केवढ्या रंगीत बुटांच्या बायका. एकीने विचारलं, "काकू, कुणाचा नंबर घ्यायला आलात?" मी म्हटलं, माझा. ती सॉरी म्हणाली. मी म्हटलं, असू दे, उद्या बघशीलच.

आत्ता गौरांगने टी-शर्टला कागद लावून दिला, चार कोपऱ्यांना चार पिना. त्यावरचं नाव वाचलं आणि माझ्याकडे बघत राहिला. फॉर्म त्यानेच भरला होता, तरी बघत राहिला. मी म्हटलं, सरळ लाव, डावी बाजू खाली आलीय.

मुगाची खिचडी खाल्ली आहे. पाय हलके आहेत. इतके हलके की मधेच हात लावून बघते, आहेत ना.

आक्का


येवला,
मंगळवार, ४ फेब्रुवारी

मीने,

पळाले. एकवीस किलोमीटर, दोन तास अठ्ठावन्न मिनिटं. तीनच्या आत. मधे एकदाही बसले नाही. आज जिना उलटा उतरते आहे, भिंतीला धरून, आणि हे प्रत्येक पायरीला "सावकाश, चॅम्पियन" म्हणतात. चेष्टा म्हणून सुरू केलं होतं, पण काल त्यांनी कांद्याच्या व्यापाऱ्याला माझी वेळ मिनिटांसकट सांगितलेली मी ऐकली आहे.

आता सगळं नीट सांगते.

सकाळी सहाला सुटलो. अंधार होता, तोंडातून वाफ येत होती. मी सलवार आणि गौरांगचा टी-शर्ट घातला होता. सुरुवातीला सगळे माझ्या दोन्ही बाजूंनी पुढे निघून गेले. सुहानाने सांगितलं होतं, "जाऊ द्या त्यांना, मावशी, नंतर भेटतील." खरंच भेटले, पंधराव्यानंतर, चालताना. गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढे जायचं आणि परत यायचं. उजाडलं तशी माणसं दाराबाहेर येऊन उभी राहायला लागली. स्वेटर घातलेली, हातात चहाचे कप घेऊन. आणि त्यांनी माझ्या छातीवरचं नाव वाचायला सुरुवात केली.

पहिली हाक तिसऱ्या किलोमीटरला आली. कानटोपी घातलेले एक आजोबा होते. चष्मा नीट करून त्यांनी वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, "वा, मीनाताई, वा!"

होय, मीने. तुझं नाव होतं. गौरांगने डिसेंबरात विचारलं होतं, आई, छातीवर काय छापायचं? मी म्हटलं, मीना लिही. तुझं कार्ड यायच्या किती आधी. तू वाचशील की नाही, बोलशील की नाही, काहीच माहीत नव्हतं तेव्हा. अर्धा पदर कापून तर तुला परत देता येत नव्हता. म्हणून पूर्ण माझं असं काहीतरी कमवायचं आणि त्यावर तुझं नाव घालायचं, असं मी ठरवलं होतं. फार मोठं मन दाखवते आहे असंही वाटलं होतं मला. स्वतःची पाठ थोपटायची सवय जात नाही.

पण ती पहिली हाक ऐकली आणि माझ्या मनात काय आलं सांगू? मला थांबून त्या आजोबांना सांगावंसं वाटलं, मी शैला. शैला म्हणा. जिभेच्या टोकाशी आलं होतं. पुढे पाण्याच्या टेबलापाशी दोन पोरी ओरडल्या, "मीना मावशी, एक नंबर!" पुन्हा तेच. दीड वर्ष अंधारात उठले मी, मोरीवर बसून रडले मी, आणि शाबासकी मीनाला. सहा-सात किलोमीटर माझा असा जळफळाट चालला होता. पाय चांगले चालले होते, आतून मी पेटले होते.

आणि मग तिथे, सोमेश्वरच्या वळणावर, मला ती तिसरी रांग दिसली. टाळ्या वाजवता वाजवता तुझे हात थांबले होते ते दिसलं. मला सात किलोमीटर सोसेना, मीने, तेही मी स्वतः ठरवलेलं. तुझ्यावर तर मी ते न सांगता टाकलं होतं, आणि तू ते अकरा वर्षं सोसलंस. त्याच्यापुढे एकवीस किलोमीटर काहीच नाहीत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बाजूने पळणाऱ्या मुलाला वाटलं मला काही होतंय. तो म्हणाला, "काकू, थांबायचं का?" मी म्हटलं, आता तर सुरुवात झाली आहे.

त्यानंतर प्रत्येक हाकेला मी हात वर केला. चला मीनाताई, आले म्हटलं. शाब्बास मीनाताई, थँक्यू म्हटलं. आईच्या कडेवरचं एक पोर माझ्याकडे बोट दाखवून एकेक अक्षर वाचत होतं, मी, ना. मी वेग कमी केला, त्याचं पूर्ण होऊ दिलं. सतराव्याला गुडघा बोलायला लागला तेव्हा मीच मोठ्याने म्हणाले, चल मीने, चार राहिले. आपण लहानपणी मांजा ओढताना म्हणायचो तसं. शेवटच्या वळणावर सुहाना कमानीखाली उभी होती, येवल्याहून पहाटे निघून आलेली. माझं नाव तिला माहीत आहे. तरी छातीवरचं वाचून ती ओरडली, "भागो मीना, भागो!" अख्ख्या रस्त्याने ते उचललं. तुझ्या नावाने पंचवीस-तीस माणसं ओरडत होती आणि मी त्या आवाजातून पलीकडे गेले. आयुष्यात मला इतका अभिमान कधी वाटला नाही. त्या मंचावरही नाही. तिथे कसला वाटायचा.

काचेतल्या त्या पदराखाली काल एक पट्टी लावली आहे. विणकर मीना आणि शैला. यांच्या अक्षरात, कारण ते चांगलं आहे. सरकारी कागदावर काय करता येतं ते गौरांग बघतो आहे, अर्ज करणार आहे, मी सही केली आहे. माग उघडलाय, पण रोज चारच तास. मोराचा पदर पुन्हा लावावा असं मनात आहे. एकटीने दोनदा प्रयत्न केला होता, डावा मोर जमला नाही. डावी बाजू मोकळीच ठेवली आहे. तिथे मी अजून कुणाला बसू दिलेलं नाही.

पदक तुला देणार नाही. मागूही नकोस. ते माझ्या पायांचं आहे आणि मला ते रोज संध्याकाळी ओट्यावर घालून बसायचं आहे.

छातीवरचा कागद मात्र याच पाकिटात घातला आहे. चार कोपऱ्यांना पिनांची भोकं आहेत, घामाने शाई जरा पसरली आहे, पण नाव लांबून वाचता येतं. शर्यतीच्या फॉर्मवर नावाला दुसरा रकाना आहे का, म्हणून मी गौरांगला दोनदा बघायला लावलं होतं. या वेळी खरंच एकच होता.

तुझी,
आक्का